जुनी स्कूटर आणि नवे पेट्रोल

गेल्या पावसाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरात रसायनशास्त्राचा तास संपल्यावर एका शिक्षकांनी आम्हाला गाठले. त्यांच्या हातात रबरी नळीचा वीतभर तुकडा होता. बाहेरून तो धड दिसत होता, पण वाकवला की त्यावर बारीक भेगा उमटत आणि एका टोकाशी तो बोटाला चिकट लागे. ही नळी त्यांच्या १९९७ सालच्या स्कूटरची होती. शाळा घरापासून अठरा किलोमीटरवर आणि एस.टी. दिवसातून दोनदाच. त्यांचा प्रश्न सरळ होता : "हे इथेनॉलमुळे झाले का? गॅरेजवाला म्हणतो, स्कूटर मोडीत काढा. वर्तमानपत्रात वाचतो, काहीच होत नाही. आम्ही खरे काय धरायचे?"

त्या दिवशी आम्ही त्यांना अर्धेच उत्तर देऊ शकलो. उरलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहोत. या एका प्रश्नात ज्वलन, द्राव्यता, बहुवारिके आणि धातूंचे क्षरण असे शालेय रसायनशास्त्रातले निदान चार धडे एकत्र येतात. त्यामुळे वर्गातही त्याचा उपयोग होईल.

इथेनॉल पेट्रोलमध्ये आले कसे?

साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जी मळी उरते, तीत अजून बरीच शर्करा असते. किण्व म्हणजे यीस्ट ही शर्करा खाऊन इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. ऊर्ध्वपातनाने हे इथेनॉल वेगळे काढता येते, परंतु साध्या ऊर्ध्वपातनाने ते वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे शुद्ध होत नाही. उरलेले पाणी काढण्यासाठी ज्या पदार्थांच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याचे रेणू अडकतात पण इथेनॉलचे अडकत नाहीत, अशा रेणवीय चाळण्या वापरतात. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल असे जवळजवळ निर्जल असावे लागते. त्याचे कारण पुढे येईलच. आता मळीखेरीज उसाचा रस, मका आणि तांदूळ यांपासूनही इथेनॉल तयार होते.

भारतात याची चाचणी २००१ साली सुरू झाली. त्यासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली होती, तिसरे उत्तर प्रदेशातले बरेली. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. पुढची अनेक वर्षे हे प्रमाण प्रत्यक्षात फार वाढले नाही. मग मात्र वेग आला. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोचली, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये हे प्रमाण जवळजवळ सर्वत्र पोचले. १० टक्के मिश्रणाला 'ई-१०' आणि २० टक्के मिश्रणाला 'ई-२०' म्हणतात.

म्हणजे पंपावरचे इंधन तीन-चार वर्षांत बदलले. रस्त्यावरच्या गाड्या काही तीन-चार वर्षांत बदलत नाहीत. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

एका लिटरमध्ये ऊर्जा किती?

प्रथम सर्वांना जाणवणारी गोष्ट पाहू : 'अॅव्हरेज'. पेट्रोल हे हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, म्हणजे त्यात केवळ कार्बन व हायड्रोजन असतात. इथेनॉलच्या रेणूत यांच्या जोडीला ऑक्सिजनचा एक अणू असतो. एका अर्थाने इथेनॉल हे आधीच थोडेसे 'जळलेले' इंधन आहे. म्हणून ते जाळल्यावर उष्णता कमी मिळते. एक लिटर पेट्रोलपासून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश.

आता फळ्यावर गणित मांडू. एक लिटर ई-१० मध्ये ०.९ लिटर पेट्रोल व ०.१ लिटर इथेनॉल असते. त्यांची ऊर्जा २८.८ अधिक २.१, म्हणजे ३०.९ मेगाज्यूल. ई-२० साठी हाच हिशेब २५.६ अधिक ४.२, म्हणजे २९.८ असा येतो. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी, आणि ई-१० च्या तुलनेत सुमारे साडेतीन टक्के कमी. लिटरला ४० किलोमीटर जाणारी स्कूटर निव्वळ या हिशेबाने ३७ च्या आसपास यावी.

निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातले अंदाज याच्याशी जुळणारे आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या मोटारगाड्यांत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या मोटारींत १ ते २ टक्के घट त्यात धरली आहे. तेव्हा 'अॅव्हरेज निम्मे झाले' असे कोणी सांगू लागले तर ऊर्जेचे गणित त्याला दुजोरा देत नाही. गाडीत दुसरा काही दोष असला पाहिजे. त्याचप्रमाणे 'काहीच फरक पडत नाही' हेही गणितात बसत नाही.

कार्ब्युरेटरला कळत नाही

इथेनॉलच्या एका रेणूच्या पूर्ण ज्वलनाला ऑक्सिजनचे तीन रेणू लागतात. म्हणजे ४६ ग्रॅम इथेनॉलला ९६ ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो हे ध्यानात घेतले की एक ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅम हवा पुरते, असे दिसते. पेट्रोलला मात्र सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. ई-२० साठी हा आकडा १३.५ च्या आसपास येतो.

नव्या गाड्यांत इंधन फवारण्याचे काम संगणकाच्या ताब्यात असते. धुरांड्यातला संवेदक बाहेर पडणाऱ्या वायूतला ऑक्सिजन मोजतो आणि हवा जास्त होते असे दिसले की फवारा थोडा वाढवला जातो. गाडी स्वतःला जुळवून घेते, एका मर्यादेपर्यंत.

कार्ब्युरेटरला असे नाक नसते. त्यातील जेटचे भोक कारखान्यात ठरलेले. त्यातून जाणाऱ्या इंधनाचे व हवेचे प्रमाण शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बांधलेले असते. ई-२० आले तरी तो तेवढीच हवा देतो. इंधनाला कमी हवा पुरत असल्यामुळे गरजेच्या ७-८ टक्के जास्त हवा सिलिंडरात जाते. याला मिश्रण 'पातळ' होणे म्हणतात. ज्या गाडीचे मिश्रण मुळात जरा 'दाट' ठेवले आहे, तिला याचा फायदाच होतो : धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. पण मिश्रण आधीच पातळ असेल तर सकाळी चोक देऊनही गाडी लवकर सुरू न होणे, पीळ दिल्यावर क्षणभर गुदमरणे, चढावर दम लागणे अशी लक्षणे दिसतात. इथेनॉलचे बाष्पीभवन होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. हिवाळ्यातल्या सकाळी गाडी अडते त्यात याचाही वाटा असतो.

इथेनॉलचा एक मोठा गुण म्हणजे त्याचा ऑक्टेन अंक. तो शंभराच्या वर असल्याने इंधन अवेळी पेट घेत नाही, व इंजिनात मिश्रण जास्त दाबता येते. त्यातून ऊर्जेचा तोटा काही अंशी भरून निघतो. मात्र यासाठी इंजिन तसे बनवावे लागते. जुन्या कमी दाबाच्या इंजिनाला या गुणाचा उपयोग नाही. जमिनीत पाणी आहे, पण आपल्याकडे विहीर नाही, अशी त्याची गत होते.

टाकीतले पाणी : एक प्रयोग

पावसाळ्यात सर्वाधिक त्रास देणारी गोष्ट म्हणजे पाणी. त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. तो शिक्षकांनी स्वतःच, मोकळ्या हवेत, आसपास कोठेही ज्योत, ठिणगी अथवा विडीकाडी नाही याची खात्री करून करावा. विद्यार्थ्यांनी दुरून पाहावा.

बूच असलेले १०० मिलिलिटरचे काचेचे मोजपात्र घ्या. त्यात शाईच्या एका थेंबाने रंगवलेले १० मिलिलिटर पाणी घाला. त्यावर ४० मिलिलिटर पेट्रोल ओता. बूच लावून पात्र हलकेच चार-पाच वेळा उलटेसुलटे करा, मध्येच बूच सैल करून वाफ जाऊ द्या, आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. खालचा रंगीत थर आता १० मिलिलिटरचा राहिलेला नसतो. ई-२० असेल तर तो १६ ते १८ मिलिलिटरच्या आसपास जातो. पेट्रोलमधील सुमारे ८ मिलिलिटर इथेनॉलपैकी बहुतेक भाग पाण्याने आपल्याकडे ओढून घेतला! प्रयोगानंतर हे द्रव मोरीत ओतू नयेत. ते घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत भरून, वापरलेले तेल जमा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवावेत.

असे का होते? 'समानास समान विरघळवते' हा आपला जुना नियम. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पेट्रोलच्या जातीचे, तर दुसरे पाण्याच्या जातीचे. पाणी नसते तोवर ते पेट्रोलमध्ये सुखाने राहते. थोडे पाणी आले तर त्यालाही पोटात घेते. एरवी टाकीच्या तळाशी साचून राहणारी किंचित ओल अशी इंधनाबरोबर जाऊन निघून जाते, हा फायदाच. पण पाणी एका मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पक्ष बदलते, आणि पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. साधारण तापमानाला ई-१० ची ही मर्यादा सुमारे अर्धा टक्का आहे. सहा लिटर टाकीत सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा चमचे पाणी. ई-२० ची मर्यादा याहून अधिक आहे. मात्र त्यातून थर वेगळा झालाच, तर तोही अधिक जाड असतो. तापमान उतरले की मर्यादाही उतरते, म्हणून दिवसा ठीक असलेली टाकी रात्रीच्या गारव्यात फाटू शकते.

हवेतली आर्द्रता बंद टाकीत फार सावकाश शिरते. चहाचे सहा चमचे पाणी सहसा आकाशातूनच येते : झाकणाचे रबर झिजलेले, आणि गाडी आठ दिवस कोकणातल्या पावसात उघड्यावर उभी! टाकीची नळी इंधन तळाजवळून घेते. 'रिझर्व्ह'वर तर अगदी तळाचे. मग कार्ब्युरेटरमध्ये जाते ते पेट्रोल नव्हे, तर पाणी व इथेनॉल. दोन-स्ट्रोक गाडीत आणखी एक धोका आहे. तिच्या इंजिनाचे वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि ते वरच्या थरात राहते. खालच्या थरावर क्षणभर जरी इंजिन चालले, तरी ते वंगणाविना चालते.

रबर, धातू आणि जुना मळ

आता त्या नळीकडे वळू. इंधनाच्या नळ्या व वॉशर यांसाठी पूर्वीपासून नायट्राइल रबर वापरतात. नैसर्गिक रबर अध्रुवीय, पेट्रोलही अध्रुवीय, म्हणून ते पेट्रोलमध्ये फुगून निकामी होते. नायट्राइल रबराच्या साखळीत ध्रुवीय गट असल्याने ते पेट्रोलला दाद देत नाही. इथेनॉल मात्र ध्रुवीय आहे! जी वाट पेट्रोलला बंद होती, ती त्याला उघडी सापडते. दोन्ही मिळून रबरात शिरतात तेव्हा ते एकट्या पेट्रोलपेक्षा किंवा एकट्या इथेनॉलपेक्षाही अधिक फुगू शकते. रबर मऊ राहावे म्हणून घातलेली द्रव्ये याच वेळी विरघळून बाहेर येतात. पुढे नळी कोरडी झाली की आकसते, कडक होते आणि तडकते. फ्लोरिनयुक्त रबर आणि टेफ्लॉन यांना हा त्रास फारच कमी होतो. नव्या गाड्यांत अशीच द्रव्ये वापरतात.

हे प्रकरण अॅव्हरेजपेक्षा गंभीर आहे. अॅव्हरेज घटले तर खिशाला चाट बसते. नळी तडकून गरम सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकले तर आग लागते.

धातूंचेही पाहू. पेट्रोल विजेचे वाहक नाही. इथेनॉलमुळे, आणि त्यातल्या ओलीमुळे, इंधन किंचित वाहक बनते. जुन्या कार्ब्युरेटरात जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अंग आणि पितळेची जेट शेजारी शेजारी असतात. दोन भिन्न धातू व मध्ये वाहक द्रव, म्हणजे घटच झाला की! फरक इतकाच की येथे वीज मिळत नाही, धातू झिजतो व त्याची पांढरी भुकटी जेटमध्ये अडकते. पोलादी टाकीला आतून गंज चढतो तो मुख्यतः तळाच्या पाण्याच्या थरामुळे.

इथेनॉल हे चांगले विद्रावकही आहे. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला डिंकासारखा मळ ते सुटा करते आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे बदलानंतरच्या पहिल्या काही टाक्यांत गाडी वारंवार बंद पडते आणि मग सुधारते. हा दोष कायमचा नसतो. आणखी एक : थोडे इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलची बाष्पशीलता वाढते. जुन्या फियाट किंवा अॅम्बॅसडरसारख्या मोटारींत पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून असतो. उन्हाळ्यात घाट चढताना तेथे पेट्रोलची वाफ कोंडून गाडी थांबते, ती यामुळे. स्कूटरची टाकी इंजिनाच्या वर असल्याने तिला हा त्रास सहसा होत नाही.

'जुनी' म्हणजे किती जुनी?

सर्व जुन्या गाड्यांना एकाच मापाने मोजू नये. निती आयोगाच्या आराखड्यानुसार २००८ पासून बनलेल्या गाड्यांतील रबर व प्लॅस्टिक ई-१० ला टिकणारे आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ते ई-२० ला टिकणारे असते. त्यामुळे तीन गट पडतात : २००८ पूर्वीच्या, २००८ ते २०२३ मधल्या, आणि त्यानंतरच्या. पहिल्या गटाने सावध राहावे, दुसऱ्याने लक्ष ठेवावे, तिसऱ्याने काळजी करू नये.

इतर देशांनीही ही सीमारेषा मान्य केली आहे. अमेरिकेत १५ टक्के मिश्रणाला २०११ पासून परवानगी मिळाली, ती २००१ व त्यानंतरच्या मोटारींपुरती. मोटारसायकलींना ते वापरण्याची मुभा नाही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० आणले, पण जुन्या गाड्यांसाठी महागड्या प्रतीच्या पेट्रोलमध्ये ई-५ चालू ठेवले. ब्राझीलमध्ये १९७५ पासून मोठ्या प्रमाणावर इथेनॉल वापरले जाते व तेथील मिश्रण आता ३० टक्क्यांवर गेले आहे. मात्र तेथल्या गाड्या अनेक दशके त्यासाठीच बनत आल्या आहेत. ब्राझीलचा दाखला देताना हे विसरून चालणार नाही. आपल्याकडच्या साध्या पंपावर जुन्या गाडीच्या मालकाला असा पर्याय सहसा मिळत नाही, आणि जुनी गाडी सांभाळणारा माणूस बहुधा नवी घेऊ न शकणाराच असतो. परकीय चलनाची बचत, शेतकऱ्याच्या पिकाला मिळणारी बाजारपेठ, कमी कार्बन मोनॉक्साइड हे इथेनॉलचे फायदे खरे आहेत. त्या फायद्यांची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

काय करता येईल?

जुन्या गाडीसाठी पुढील काळजी पुरेशी ठरावी.

१. इंधनाच्या नळ्या, टाकीच्या झाकणाचे व पेट्रोलकॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरचे रबर ही सर्व ई-२० ला टिकणारी घालावीत. मोटारगाडीत पंपाचा पडदाही पाहावा. खर्च शेकड्यांत होतो, हजारांत नव्हे.

२. महिन्यातून एकदा नळी वाकवून पाहावी. भेग, चिकटपणा, फुगवटा अथवा गाडीपाशी पेट्रोलचा वास आला तर गाडी वापरू नये.

३. पावसाळ्यात गाडी आडोशाला ठेवावी.

४. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. नंतर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरही रिकामा होतो.

५. स्पार्क प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढरट असेल तर ते पातळ आहे. जाणकार मेकॅनिक ते जुळवून देतो, प्रसंगी जेट एक माप मोठे बसवतो.

अॅव्हरेज मोजण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांना देता येईल. टाकी काठोकाठ भरणे, किलोमीटर टिपणे, पुन्हा काठोकाठ भरणे, असे निदान पाच वेळा करावे. चाकातली हवा, ओझे, रस्ता शक्य तितका सारखा ठेवावा. पाच आकड्यांत आपापसांतच किती फरक पडतो हे पाहिले की विद्यार्थ्यांना एक गोष्ट उमजेल : साडेतीन टक्क्यांचा फरक एका टाकीवरून ओळखणे अशक्य आहे.

शेवटी त्या नळीविषयी. आम्ही त्या शिक्षकांना प्रतिप्रश्न केला होता, "ही नळी यापूर्वी कधी बदलली होती?" ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बहुधा कधीच नाही." अठ्ठावीस वर्षांची रबरी नळी इथेनॉलशिवायही तडकली असती. टोकाचा चिकटपणा इथेनॉलकडे बोट दाखवतो, पण एका नळीवरून निवाडा करता येत नाही. निवाडा करायचा तर एकाच वेळी बसवलेल्या दोन सारख्या नळ्या हव्यात, एक शुद्ध पेट्रोलवर व एक ई-२० वर. प्रयोगशाळांत तुलना होते ती याच पद्धतीने.

निवाडा झाला नाही म्हणून कृती मात्र थांबत नाही. कारण कोणतेही असो, नळी बदलायलाच हवी होती. त्यांनी ती त्याच संध्याकाळी बदलली आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्कूटरवरून ते शिबिराला आले. जुना तुकडा त्यांनी फेकला नाही. तो आता त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, नव्या नळीच्या तुकड्याशेजारी, चिठ्ठी लावून ठेवला आहे.